मनकर्णेची तीस पत्त्यांची जुडी

“तू थितं थांबलीसच काहून?”

“भाकर घेऊन आले व्हते. तुमच्याच आईनं धाडलं.”

“भाकर ठिवायची आन वापस फिरायचं. चार मानसांत तोंड घालायचं न्हाई.”

“तोंड कुठं घातलं? नुसतं खाकरले. बदामचा एक्का अजून भाईर आला न्हाई आन तुमी दश्शी टाकून मोकळे झाले. गेली का न्हाई मेंढी?”

कुडाच्या अलीकडं मी तूर निवडत बसले होते, तिथून हे ऐकलं. पंचेचाळीस वर्षं तरी झाली असतील. पलीकडं बोलत होते ते माझा धाकटा दीर तातेराव आणि त्याची नवी बायको मनकर्णा, म्हणजे माझी जाऊ. लग्नाला चार महिने झाले होते. तातेराव लिंबाखाली मेंढीकोट खेळून, हरून आला होता. मेंढीकोट चौघांचा डाव, दोघं दोघं भिडू. ज्यांनी दश्श्या जास्त धरल्या ते जिंकले. दश्शीलाच मेंढी म्हणतात. आमच्या घरी तेव्हा खऱ्या मेंढ्या चाळीस होत्या. त्यातली एक लांडग्यानं नेली असती तरी तातेराव इतका तापला नसता.

“आजपासून पत्त्याला हात लावशील तर जाळून टाकीन,” तो म्हणाला.

“मला का पत्त्याला?”



“पत्त्याला,” तो म्हणाला.

“मग जाळा. पर आधी मोजून घ्या. किलवरची रानी ग्यानोबाभाऊंच्या मांडीखाली व्हती.”

मी तूर निवडायची थांबले. ग्यानोबा म्हणजे माझा नवरा.

तातेरावानं पत्ते जाळले नाहीत. रागारागानं गव्हाणीत फेकले आणि निघून गेला. सकाळी शेण काढायला गेले तर वासरानं काही चघळले होते, बाकीचे कडब्यात पडले होते. मी पदरात गोळा केले आणि मनकर्णेला म्हणाले, “चुलीत घालून राहिले.” ती म्हणाली, “आन इकडं.” तिनं मांडीवर पुसून एकेक पत्ता लावला. दुऱ्या, तिऱ्या, छक्क्या चघळल्या गेल्या होत्या. वरचे सगळे होते, किलवरची राणीसुद्धा.

“तिसावर भागतं,” ती म्हणाली. “बारीक पत्ते काय कामाचे? दोघींचा डाव हाय, सात-आठ. शिकवते.”

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, मनकर्णा तेवढीसुद्धा नाही. पण सासरी पुसेगावात मला जे काही बसून शिकायला मिळालं ते तिच्यासमोर मिळालं. सात-आठमध्ये दोघींना पंधरा पंधरा पत्ते. वाटणारीनं सात हात करायचे, दुसरीनं आठ, आणि हुकूम त्या दुसरीनं पहिल्या पाच पत्त्यांवर बोलायचा. रंगावर रंग द्यायचा. जिचे दोन हात जास्त होतील, तिनं पुढच्या डावात समोरचीच्या पत्त्यांतून दोन पत्ते ओढायचे आणि आपले नको असलेले दोन तिला द्यायचे. ओढायचे ते न बघता. तेवढंच सगळं. ह्या तेवढ्यावर आमची पंचेचाळीस वर्षं गेली.

मनकर्णा उंच होती, वाळकी. चालताना पुढं वाकायची, जशी काही रोजच वाऱ्याच्या समोरून येत होती. बोलायची कमी, पण जे बोलायची ते दोन दिवस टोचायचं. मेंढ्या पुढं विकल्या, शेळ्या राहिल्या. सकाळी शेळ्या ओढ्याकडं न्यायची, दुपारी आणून बाभळीखाली बसवायची, चारला पुन्हा न्यायची. त्या मधल्या वेळात माझ्या ओसरीवर जुडी निघायची. तातेराव वारला, त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, “वाट.” ग्यानोबा गेले तेव्हा मी आठ दिवस भिंतीकडं तोंड करून होते. नवव्या दिवशी तिनं माझ्यासमोर पाच पत्ते ठेवले आणि हुकूम विचारला. मी म्हणाले, इस्पिक. तिनं बाकीचे वाटले.

जुड्या चार बदलल्या. शेवटची हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेतून आणली होती. तिची चौकटची नव्वी चंदरी नावाच्या शेळीनं खाल्ली. मनकर्णेनं साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवी नव्वी केली. ती बाकीच्यांपेक्षा जाड, मागून निळी. लांबूनही ओळखू यायची. म्हणून पत्ता ओढताना डोळे घट्ट मिटायचे असा आमचा नेम झाला. मनकर्णा असे डोळे मिटायची, जसं कोणी डोळ्यांत औषध घालून राहिलंय.

संध्याकाळी दिवेलागणीला ती शेळीचं दूध घेऊन यायची, वाटीनं झाकलेल्या लहान तांब्यात. मला चहा शेळीच्याच दुधाचा लागतो, ही सवय तिनंच लावली. चुलीशेजारी तांब्या ठेवायची आणि म्हणायची, “आक्का, झाकून ठिव, मांजर हाय.” आमचं मांजर मरून सहा वर्षं झाली होती. ती म्हणायचीच.

असं सगळं चाललं होतं. तेवढ्यात तो खेळ आला.

शिवशंकर म्हणजे मनकर्णेचा मुलगा. त्याचं सेनगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानात नवा कॉम्प्युटर आणला तेव्हा जुना त्यानं घरी आणून ठेवला. त्याची पोरगी आरोही हिंगोलीला कॉलेजात शिकते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. कापूस वेचायला दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी बोट दुखतं म्हणून बसली, आणि त्याच बोटानं कॉम्प्युटरवर एक खेळ विकत घेतला.

“आज्जी, नव्वद टक्के सूट व्हती,” ती मनकर्णेला म्हणाली. मी तिथंच होते, दुपारी जुडी घेऊन तिला बोलवायला गेले होते.

“फाटलेलं कुठं हाय?” मनकर्णेनं विचारलं.

“खेळ हाय आज्जी, लुगडं न्हाई.”

“इतकी सूट उगी देत न्हाई कोणी. घडीवर बघ.”

आरोही हसली आणि खेळ लावला. पाठीवर चादरी बांधलेली तीन माणसं आली. एक आडवा दांडगा, एक बाई हातातून जाळ फेकणारी, एक पोरगेलं, इकडून तिकडं उड्या मारणारं. आरोही म्हणाली, हे सुपरहिरो, ह्यांच्यात लई ताकद असते, हे शहर वाचवतात. समोर लोखंडाची माणसं उभी होती. खाली फरशीसारखे चौकोन आखले होते, कोणाला कुठं उभं करायचं ते आपण ठरवायचं. आणि मग खालून पाच पत्ते वर आले.

मनकर्णा उठून जायला निघाली होती. ती बसली.

“पत्ते हायेत व्हय,” ती म्हणाली.

“व्हय. लाल पत्ता मारायचा, निळा पत्ता स्वतःला वाचवायचा. पाचातले तीन टाकायचे, मग त्यांची पाळी.”

“आन टाकलेले?”

“फिरून येतात.”

मनकर्णा बघत राहिली. मी जुडी मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “मला तर ह्या उजेडाची डोळ्याला तकलीफ होऊन राहिली,” आणि उठले. थांब, असं कोणी म्हणालं नाही.

आदल्या दिवशी मनकर्णेनं आठाच्या जागी दहा हात केले होते. तिचे दोन हात माझ्याकडं राहिले होते. म्हणजे पुढचा डाव लागला की दोन पत्ते ती माझे ओढणार. ती येऊन ओढेल म्हणून मी वाट बघत बसले. चार वाजले. शेळ्यांचा आवाज ओढ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कूड ऐकायला लागले. कूड आता राहिला नाही, विटांची भिंत झाली, पण वर पत्र्याखाली फट आहे.

आरोही एकाच जागी आठ वेळा हरत आली होती, शेवटचा गडी पडायच्या आत मागं फिरायची. एक लोखंडाचा राक्षस होता, तो काही मरत नव्हता. मनकर्णेचा आवाज आला, “हे बघ घडीवरचं फाटलेलं. म्हनून सूट.”

“आज्जी, मी सगळे भारी पत्ते जमवले. चाळीसच्या वर हायेत. तरी हारते.”

“त्यातच खोट हाय. पहिले जे दिले व्हते, बारके, ते काढले का?”

“ते असू देत की, जास्त पत्ते म्हनल्यावर जास्त ताकद.”

“कोणी सांगितलं? सात-आठ बावन पत्त्यानं खेळत्यात व्हय? हातात दुरी-तिरी येऊन बसली तं एक्का येणार कधी? काढून टाक. जुडी बारीक कर.”

पुढं आरोहीनं मला सांगितलं की त्या खेळात एक भट्टी असते, तिच्यात एका वेळी एक पत्ता कायमचा टाकता येतो. ती कधी टाकत नव्हती, जमवलेलं टाकायचा जीव होत नव्हता. मनकर्णेनं एकेक करून सगळी दुरी-तिरी भट्टीत घालायला लावली. मग माणसं कुठं उभी करायची तेही सांगितलं. “पोरगं माळावर मोकळं काहून सोडलंय? त्याला मधी घे. पाठ भिंतीला लाव. लांडगा मागूनच येतो.” त्या दुपारी दोघींच्या हातून तो राक्षस पडता पडता राहिला. आरोहीनं टाळ्या वाजवल्या, आणि मनकर्णा म्हणाली, “बस आता भिडू, मला शेळ्या न्यायच्या.”

भिडू.

हा शब्द मी फटीतून ऐकला आणि हातातलं सूप खाली ठेवलं. पंचेचाळीस वर्षांत तिनं मला कधी भिडू म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? सात-आठमध्ये भिडू नसतोच, आम्ही दोघी एकमेकींच्या समोरच्या. हे मला कळत होतं. तरी ते सूप त्या दिवशी तसंच पडून राहिलं.

खोटं कशाला लिहू. मनकर्णेचा हेवा मला आधीही वाटला होता. तिच्या शेळ्या जुळी द्यायच्या, माझी गाय गाभडायची. तिचा मुलगा जवळ राहिला, माझे दोन्ही पुण्याला गेले. तो हेवा बायकाबायकांतला, लुगडं वाळत घालता घालता वाळून जाणारा. हा तसा नव्हता. हा आरोहीचा हेवा होता, वीस वर्षांच्या नातीचा, जिला मी आंघोळी घातल्या, जिची जावळं माझ्या मांडीवर काढली. ती मला मोठी आज्जी म्हणते. मला तिचं तोंड बघवेना. भाजी घेऊन आली तर मी म्हणायची, ठेव, आणि आत जायची.

एकटीनं पत्ते मांडून बघितले. समोरचे पंधरा उपडे ठेवायचे, आपणच उचलायचे, आपणच टाकायचे. तीन दिवस मी माझ्याशीच खेळले आणि तिन्ही दिवस मीच हरले.

दूध मात्र रोज येत होतं. “आक्का, झाकून ठिव, मांजर हाय.” मी एकदा म्हणाले, “मांजर न्हाई, मने, कधीचंच मेलं.” ती म्हणाली, “दुसऱ्याचं येतं,” आणि गेली. दोन हातांचं काही बोलली नाही. मला वाटलं, विसरली. तेच जास्त लागलं.

मग एक दिवस मनकर्णा शिवशंकरसोबत बोकड विकायला सेनगावला गेली, बाजार होता. दुपारी आरोही माझ्या दारात आली.

“मोठी आज्जी, बसता का खेळायला? आज्जी न्हाई तर कंटाळा येऊन राहिला.”

आज्जी नाही तर. मला ते ऐकू आलं तसंच आत ठेवलं. पण मी गेले. खरं सांगते, मी जिंकायला गेले होते. मनात होतं की मनकर्णा परत येईल तेव्हा तो लोखंडाचा राक्षस पडलेला असेल आणि आरोही म्हणेल, मोठ्या आज्जीनं पाडला. मग मनकर्णा काय म्हणते ते बघू.

आरोहीनं मला खुर्चीत बसवलं, हातात तो उंदीर दिला. दहा दिवसांचा त्यांचा खेळ होता, आठ लढाया जिंकून त्या राक्षसापर्यंत आल्या होत्या. त्या खेळात आपली सगळी माणसं पडली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, मैत्रिणीचा, आणि ती बोलत बोलत अंगणात गेली.

राक्षसानं हात वर केला आणि लाल झाला. माझ्या हातात दोन लाल होते, तीन निळे. मी लाल टाकला. पंचेचाळीस वर्षं रंगावर रंग दिला आहे, समोरून बदाम आला आणि आपल्याकडं बदाम असला तर दुसरं काही टाकायला हात उठत नाही. ती चोरी वाटते. तो पुन्हा लाल झाला, मी पुन्हा लाल दिला. निळे मी जपून ठेवत होते, समोरून निळा येईल तेव्हा देऊ म्हणून. त्यानं निळा कधी दिलाच नाही. आधी ते उड्या मारणारं पोरगं पडलं. मग जाळवाली बाई.

आता उरला होता एकटा दांडगा. खिडकीतून आरोहीनं बघितलं असावं. फोन कानाला तसाच धरून ती ओरडली, “मोठी आज्जी, निळा टाका, निळा.”

मला ऐकू आलं. कान माझे अजून चांगले आहेत. माझ्या हाताखाली निळा होता, ढालीचं चित्र असलेला, तेही मला दिसत होतं. आणि मी लाल टाकला.

पडदा काळा झाला. मधोमध इंग्रजीत काही तरी आलं. आरोही पळत आली, बघितलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पोरगी गुणाची, म्हणाली, “जाऊ द्या मोठी आज्जी, तुमाला ऐकू गेलं नसंल.” मी म्हणाले, “न्हाई गेलं.” घरी येऊन हात धुतले. कशाला धुतले कोण जाणे.

संध्याकाळी मनकर्णा बाजारातून आली. मी फटीपाशी नाही बसले, पण दूरही नव्हते. आरोहीचा आवाज बराच वेळ आला. मनकर्णेचा आला नाही. मग दिवेलागणीला ती नेहमीसारखी आली, तांब्या ठेवला, मांजराचं म्हणाली, गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी त्या दुधाचा चहा करून प्यायले, पण गोड लागेना. भीती एकच होती. तिनं विचारलं तर मी काय सांगू, हे नव्हतं. तिनं विचारलंच नाही आणि असंच नुसतं दूध आणत राहिली तर?

चौथ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं.

“रंगावर रंग दिलास व्हय?” ती म्हणाली.

“दुसरं काय देनार.”

“मला वाटलंच. पहिल्या दिवशी मी बी तेच करनार व्हते. पोरीनं हात धरला.” तिनं चंची काढली. “पोरगी म्हन्ती, शेवटी मी वरडले, निळा टाका म्हनून.”

“ऐकू आलं न्हाई मला.”

“व्हय. पोरगी आली त्या दिवशी भिंतीपल्याड मी तिला हळूच म्हनले, शिवशंकरानं खारे शेंगदाने आनलेत, तं तू इकडून म्हनलीस, मला बी ठिव.”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बाभळीखाली शेळ्या बसल्या होत्या तिकडं बघत होती.

“ती तुझी भिडू हाय,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. “तिच्यासंगंच खेळ.”

“भिडू हाय तर. तिला सांगावं लागतं, हे टाक, ते ठिव. मंग ती टाकते. जिंकलो तरी काय, समोर लोखंड. त्याला राग येत न्हाई, त्याचं तोंड पडत न्हाई.” तिनं चंचीतून सुपारी काढली, अर्धी माझ्यापुढं ठेवली. “तुला हारवलं की तुझं नाक कसं बारीक होतं. ते बघायला मला बरं वाटतं. पोरीनं खेळ घेतला, नवं काही तरी व्हतं, गेले. इतके दिवस काय बसून ऱ्हायलीस? हाक मारायची.”

“तू विसरली व्हतीस.”

“काय?”

“दोन हात.”

“कोण म्हनलं? तुझ्याकडं दोन हात हायेत माझे. आठ करायचे व्हते, दहा झाले. हुकूम किलवर व्हता. तुझ्याकडं गुलाम फुकट गेला.” ती सरसावून बसली. “वाटायची पाळी माझी. आन जुडी.”

मी जुडी आणली. तिनं वाटली. पहिल्या पाच पत्त्यांवर मी हुकूम बोलले, बदाम, कारण एक्का माझ्याकडं होता. बाकीचे वाटून झाले. मग मी माझे पंधरा पंख्यासारखे धरले आणि तिनं डोळे मिटले, तसेच, औषध घातल्यासारखे. तिचं बोट पत्त्यांवरून फिरत आलं. पुठ्ठ्याच्या नव्वीवर थांबलं.

“ही नव्वी.”

“डोळे मिटून बोलू नये.”

“बोटाला पापनी असती तर तीबी मिटली असती.” नव्वी सोडून ती पुढं गेली आणि ओढला तो बदामचा एक्का. डोळे उघडून बघितला आणि माझ्या नाकाकडं बघितलं. दुसरा पत्ता इस्पिकची सत्ती निघाली, ती तिनं तिथल्या तिथं मला परत दिली. एक्क्याच्या बदल्यात तिनं मला किलवरची अठ्ठी दिली. तो डाव मी हरले. पुढचाही हरले. फार दिवसांनी इतकं चांगलं हरले.

आरोहीला मी काय सांगितलं, तेही लिहिते. त्या संध्याकाळी गेले आणि म्हणाले, मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली, “मला ठावं व्हतं मोठी आज्जी, तुमी मान हलवली व्हती.” मग आम्ही तिघींनी तो खेळ पहिल्यापासून लावला. मनकर्णा सांगायची कोणाला कुठं उभं करायचं, आरोही पत्ते टाकायची, आणि भट्टीत कोणता पत्ता घालायचा ते मला विचारायच्या. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तो लोखंडाचा राक्षस पडला. आरोही नाचली. मनकर्णा म्हणाली, “घडी सोडली तर बाकी लुगडं धड हाय.” आरोही जाताना मनकर्णेच्या गळ्यात पडली, मग माझ्या. आधी तिच्या पडली. ते मी बघितलं. गेलं नाही अजून सगळं, थोडं आहे आत. पण त्यानं चहा कडू होत नाही.

आरोही गेल्यावर बारा दिवस मनकर्णा होती. ती पहाटे उठली, शेळ्यांना पाला टाकला, तिथंच गोठ्यात बसली आणि उठली नाही. शिवशंकरनं बघितलं तेव्हा चंदरी तिचा पदर चघळत होती. ह्याला आता सहा महिने झाले. ते सगळं गावानं बघितलं, त्याचं मी काय लिहू. मला लिहायची आहे ती त्याच्या आदली संध्याकाळ, कारण ती मी एकटीनं बघितली.

त्या दिवशी दुपारी मी जिंकले होते. आठाच्या जागी दहा. दोन हात आता माझे तिच्याकडं होते. ती थोडी खोकत होती, म्हणाली थंडी आहे. चारला शेळ्या घेऊन गेली, सहाला आणल्या. मी चूल पेटवली. दिवे लागले तशी ती दारातून वाकून आत आली, चुलीशेजारी तांब्या ठेवला, वरची वाटी सरळ केली.

“तुझे दोन हात हायेत माझ्याकडं,” ती म्हणाली. “ध्यानात हाय.”

“मला बी हाय.”

“उद्या वढ.” दारापर्यंत गेली, तिथून मागं बघितलं. “आक्का, झाकून ठिव, मांजर हाय.”

“व्हय,” मी म्हणाले, आणि झाकून ठेवलं.